अपडेट आलं, ग्राफिक्स गेलं : जुन्या लॅपटॉपवाल्यांसाठी धागा

अनघड (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

"अपडेट केलं आणि स्क्रीन काळी पडली." "रीस्टार्ट झाल्यावर अक्षरं अवाढव्य दिसतायत, ब्राइटनेस हलत नाही." "हा ड्रायव्हर तुमच्या हार्डवेअरसाठी नाही असा मेसेज येतो." अशी तक्रार कुणी मांडली की "लॅपटॉप जुना झाला, नवीन घ्या" असं सांगून विषय मिटवला जातो. प्रोसेसर ठणठणीत, रॅम पुरेशी, एसएसडी बसवलेली. आणि एका चिपचं नाव यादीतून वगळलं म्हणून अख्खं यंत्र मोडीत काढायचं, हे मला मुळीच पटत नाही. म्हणून हा धागा.

आत्ता हा विषय काढायचं कारण एनव्हिडिया ही ग्राफिक्स चिप बनवणारी कंपनी. मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या चिपच्या तीन पिढ्यांसाठी ५८० ही ड्रायव्हरची (चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) शेवटची शाखा, असं त्यांनी जाहीर केलं. विंडोजवरचे नियमित गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या दर तिमाहीला ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. जीटीएक्स १०५० आणि १०६० यात येतात, ते अपेक्षितच होतं. पण लॅपटॉपमधल्या एमएक्स मालिकेकडे बघा. एमएक्स१३० मॅक्सवेल आहे. एमएक्स१५०, एमएक्स२५० पास्कल आहेत. २०२० मध्ये बाजारात आलेली एमएक्स३५०सुद्धा पास्कलच! चिपच्या नावातला आकडा मोठा म्हणजे पिढी नवी असं लॅपटॉपमध्ये धरून चालता येत नाही. कित्येकांना आपलं यंत्र या यादीत आहे हे ठाऊकही नसेल.

डेस्कटॉपवाल्याला निदान कार्ड बदलता येतं. लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिप बहुतेक वेळा मदरबोर्डला डकवलेलीच असते. त्यामुळे इथे सॉफ्टवेअरवाल्यांची जबाबदारी जास्त आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

"सपोर्ट संपला" या दोन शब्दांत तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या जातात. एक, कंपनी नवा ड्रायव्हर देत नाही, पण जुना चालू राहतो. दोन, जुना ड्रायव्हर आहे, पण नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर तो बसतच नाही. तीन, ड्रायव्हर आणि सिस्टिम दोन्ही ठीक, पण एखादं ॲप्लिकेशन वरच्या दर्जाचं ओपनजीएल, व्हल्कन किंवा डायरेक्टएक्स (चिपकडून चित्र काढून घ्यायच्या प्रणाली) मागतं. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. प्रश्न टाकताना आपलं दुखणं यातलं कुठलं ते आधी ओळखलं, तर मदत करणाऱ्याचंही काम सोपं होईल.

आपापला अनुभव आणि माहिती लिहा. चिपची पिढी आणि सिस्टिमची आवृत्ती नक्की लिहा.

कर्नलकट्टा

फार गरजेचा धागा. लिनक्सवर स्क्रीन काळी का पडते ते नीट लिहितो, कारण ते समजलं की घाबरायला होत नाही.

एनव्हिडियाच्या बंदिस्त (ज्याचा कोड उघडा नाही अशा) ड्रायव्हरचा एक भाग कर्नल मॉड्यूल, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा जोडभाग, म्हणून चालतो आणि प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो पुन्हा बांधावा लागतो. लिनक्स कर्नलचे आतले इंटरफेस स्थिर ठेवले जात नाहीत. ते बदलत राहणार हे तिथलं उघड धोरण आहे. चालू शाखेत एनव्हिडिया त्याप्रमाणे बदल करत जाते. मृत शाखेत कुणीच करत नाही. ३४० शाखा २०१९ च्या अखेरीस बंद झाली, फर्मी पिढीची ३९० शाखा २०२२ च्या अखेरीस. त्यानंतर आलेल्या कर्नलवर ती मॉड्यूल कधीतरी बांधली जायची थांबतात.

इथपर्यंत ठीक. खरा घात पुढे होतो. बंदिस्त ड्रायव्हर बसवताना नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर काळ्या यादीत टाकला जातो, कारण दोघं एका चिपवर नांदू शकत नाहीत. मग अपडेटमध्ये नवं कर्नल येतं, बंदिस्त मॉड्यूल बांधलं जात नाही, आणि नूव्हो तर आधीच बाहेर. चिप चालवायला कुणीच उरत नाही. चिप बिघडलेली नसते, लॅपटॉपही बिघडलेला नसतो.

तेव्हा पहिलं काम : ग्रबच्या (यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या) मेनूतून आधीचं कर्नल निवडून यंत्र सुरू करा. लिनक्सची बहुतेक वितरणं (उबुंटू, डेबियन, आर्च वगैरे) जुनं कर्नल लगेच पुसत नाहीत. तेही नसेल तर बूटच्या ओळीत 'नोमोडसेट' लिहा. रिझोल्यूशन भिकार मिळेल, पण आत शिरता येईल. मग ड्रायव्हर काढून नूव्होवरची बंदी उठवा, किंवा योग्य जुनी शाखा बसवा.

आर्च वापरणाऱ्यांनी २०२५ च्या डिसेंबरात हेच पाहिलं. मुख्य पॅकेज ५९० शाखेवर गेलं, ती पास्कल ओळखतच नाही. वितरणाच्या बातमीपानावर आधी सूचना दिली होती की पास्कल आणि त्याआधीच्या चिपवाल्यांनी ५८० शाखेचं पॅकेज एयूआरमधून (वापरणाऱ्यांनीच सांभाळलेल्या साठ्यातून) घ्यावं. ज्यांनी ती वाचली त्यांचं काम निभावलं.

उबुंटूवाल्यांसाठी एक गोष्ट, जी फार कमी लोक पाळतात. एलटीएस (दीर्घकालीन) आवृत्ती घेतली म्हणजे कर्नल तेच राहतं असं नाही. २२.०४ सोबत ५.१५ आलं, पण एचडब्ल्यूई (नवनवं कर्नल देणाऱ्या) मार्गावर असलेली यंत्रं पुढे ६.८ पर्यंत गेली. हार्डवेअर जुनं असेल तर एचडब्ल्यूई मार्ग सोडून मूळ कर्नलवर राहा. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यालाही मिळतात. नवं कर्नल नव्या हार्डवेअरसाठी असतं. दहा वर्षं जुन्या चिपला त्यातून क्वचितच काही मिळतं.

उत्तररात्र

विंडोजची बाजू मी मांडते.

अपडेटनंतर अक्षरं मोठी, ब्राइटनेस बंद, दुसरा मॉनिटर दिसेनासा, ही लक्षणं असतील तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. डिस्प्ले ॲडाप्टरखाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर' दिसत असेल, तर खरा ड्रायव्हर निघून गेलाय आणि विंडोज काटकसरीत चाललंय. नाव बरोबर असेल पण चित्र फाटत असेल, तर विंडोज अपडेटने लॅपटॉप उत्पादकाच्या ड्रायव्हरवर दुसराच चढवला असण्याची शक्यता जास्त. गुणधर्मांत 'रोल बॅक ड्रायव्हर' असतं, ते आधी करून पाहा. मग तोच ड्रायव्हर परत येऊ नये म्हणून मायक्रोसॉफ्टचं अपडेट लपवायचं छोटं साधन आहे, ते मिळालं तर वापरा. हे दुसरं पाऊल राहिलं की दुखणं पुन्हा उलटतं.

आणि लॅपटॉप उत्पादकाच्या साइटवरचा मूळ ड्रायव्हर आजच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. जुन्या मॉडेलांची पानं कायम राहतीलच याची हमी नसते.

इतिहासातलं एक उदाहरण सांगते, कारण त्याचा मला आजही राग येतो. इंटेलच्या क्लोव्हर ट्रेल ॲटम चिप. विंडोज ८ सोबत विकल्या गेलेल्या छोट्या लॅपटॉप-टॅबलेटमध्ये त्या होत्या आणि त्यांचं ग्राफिक्स पॉवरव्हीआरचं, म्हणजे इंटेलचं स्वतःचं नव्हतंच. लोकांनी अधिकृत मार्गाने विंडोज १० घेतलं. २०१७ मध्ये क्रिएटर्स अपडेट आलं आणि या यंत्रांना ते मिळणार नाही असं कळलं, कारण नव्या आवृत्तीला लागणारा ग्राफिक्स ड्रायव्हर कुणी बनवणार नव्हतं. ओरड झाल्यावर मायक्रोसॉफ्टने त्यांना आधीच्याच आवृत्तीवर ठेवून जानेवारी २०२३ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या द्यायचं कबूल केलं. विकणारा एक, प्रोसेसरवाला दुसरा, ग्राफिक्सचा आराखडा तिसऱ्याचा, सिस्टिम चौथ्याची. यातल्या एकाने हात वर केले की ग्राहक मधल्यामध्ये लटकतो.

विंडोज ११ ची अट तर सरळ आहे : डायरेक्टएक्स १२ ला चालणारी चिप आणि विंडोजच्या डब्ल्यूडीडीएम २.० या आराखड्याचा ड्रायव्हर. सगळे टीपीएम या सुरक्षा चिपबद्दल बोलतात, ग्राफिक्सची अट मात्र नजरेआड होते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे.

तळटीप

धागा उत्तम आहे, पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे. जुना कोड ठेवणं फुकट नसतं. प्रत्येक बदलानंतर तो तपासावा लागतो आणि तपासायला ते हार्डवेअर कुणाच्या तरी टेबलावर चालू स्थितीत लागतं. लिनक्स ६.३ मधून सॅव्हेज, सिस, व्हूडूचा टीडीएफएक्स, रेज १२८ असे अगदी जुने ड्रायव्हर काढले, तेव्हा त्याला फारसा विरोध झाला नाही, कारण ते वापरणारेच जवळपास उरले नव्हते. मेसा या लिनक्सच्या मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या संचातही, २२.० आवृत्तीत, सगळे जुन्या पद्धतीचे 'क्लासिक' ड्रायव्हर मुख्य शाखेतून निघाले. त्यामुळे इतर कोड पुष्कळ हलका झाला. न वापरलेला, न तपासलेला ड्रायव्हर यादीत ठेवून "सपोर्ट आहे" म्हणणं हीसुद्धा फसवणूकच आहे.

कर्नलकट्टा

@तळटीप, मुद्दा मान्य. पण तुम्ही दिलेल्या मेसाच्या उदाहरणातच दुसरी अर्धी गोष्ट आहे. क्लासिक ड्रायव्हर काढले तेव्हा ते 'अँबर' या शाखेत जपून ठेवले, आणि ज्यांना हवेत त्यांना ते नव्या मेसासोबत बसवता येतात. त्याहून महत्त्वाचं : त्यातला इंटेलसाठीचा आय९६५ काढण्याआधी लिनक्स ग्राफिक्सचे विकसक डेव्ह एअरली यांनी 'क्रोकस' हा नवा ड्रायव्हर लिहिला. २००६-०७ च्या सुमाराच्या ९६५ चिपसेटपासून थेट हॅसवेल पिढीपर्यंतचं इंटेल ग्राफिक्स तो सांभाळतो. म्हणजे जुनं काढलं, पण आधी पर्याय उभा केला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

एएमडीचं उदाहरण याहून बोलकं आहे. जीसीएन या आराखड्याच्या पहिल्या चिप २०१२ च्या सुमाराच्या. विंडोजवर त्यांना एएमडीने जून २०२१ मध्ये जुन्या यादीत टाकलं. त्याच चिप लिनक्सवर ६.१९ कर्नलपासून जुन्या रेडिऑन ड्रायव्हरऐवजी एएमडीजीपीयू या चालू ड्रायव्हरवर आल्या, आणि त्यामुळे व्हल्कनही वेगळी खटपट न करता मिळू लागलं. हे काम मुख्यतः व्हॉल्व्ह या गेम कंपनीसाठी काम करणाऱ्या एका विकसकाने केलं. सिलिकॉन तेच, वय तेच. फरक एवढाच की कोड उघडा होता, म्हणून दुसऱ्या कुणाला तरी तो हाती घेता आला.

आता पास्कल बघा. ट्युरिंग आणि पुढच्या पिढ्यांत जीएसपी हा वेगळा नियंत्रक आहे, म्हणून त्यांच्यासाठी खुली कर्नल मॉड्यूल शक्य झाली. पास्कलमध्ये तो नाही. केप्लर (मॅक्सवेलच्या आधीची पिढी) आणि पहिल्या मॅक्सवेलवर नूव्होला चिपचा वेग हाताने वाढवता येतो. दुसऱ्या मॅक्सवेलपासून त्यासाठी एनव्हिडियाची सही असलेलं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) लागतं आणि ते कधी दिलंच गेलं नाही. म्हणून पास्कल नूव्होवर चालते, पण बूट होतानाच्या मंद वेगावरच अडकून. सपोर्ट बंद करा, हरकत नाही. पण मग निदान ते फर्मवेअर तरी मोकळं करा! एवढं एक झालं तरी लाखो लॅपटॉप वर्षानुवर्षं चालतील.

रेखाटन

माझं दुखणं अनघडने लिहिलेल्यातलं तिसऱ्या प्रकारचं. ब्लेंडर या त्रिमिती चित्रांच्या सॉफ्टवेअरच्या ४.० आवृत्तीला ओपनजीएल ४.३ लागतं. माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलच्या आयव्ही ब्रिज प्रोसेसरमधलं एचडी ४००० आहे. विंडोजवर ते ४.० देतं, लिनक्सवर मेसामुळे ४.२. दोन्हीकडे अगदी थोडक्यात हुकतं. ड्रायव्हरमध्ये काही बिघाड नाही, चिपचीच मर्यादा आहे.

मी ३.६ वर थांबले. ती दीर्घकालीन आवृत्ती होती. तिच्या दुरुस्त्याही २०२५ च्या मध्यावर संपल्या, पण मॉडेलिंग आणि साध्या ॲनिमेशनला ती आजही भक्कम आहे. शिकणाऱ्यांना कळकळीने सांगते, आवृत्ती जुनी म्हणून शिकणं थांबवू नका. मेश, प्रकाश, कॅमेरा, टायमिंग यातलं काहीही ४.३ च्या अटीवर अडलेलं नाही. गटात काम करत असाल तर मात्र सगळ्यांनी एकच आवृत्ती ठरवून घ्या, फाइलींची अदलाबदल नाहीतर डोकेदुखी होते.

लिनक्सवर आणखी एक अडचण येते. २०२४ मधल्या जीटीके (खिडक्या, बटणं काढणारी लायब्ररी) ४.१४ पासून ॲप्लिकेशनच्या खिडक्या रंगवायची पद्धत बदलली आणि काही जुन्या चिपवर खिडकी अडखळते, कधी कोरीच दिसते. तेव्हा 'जीएसके रेंडरर' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला 'जीएल' ही किंमत देऊन बघा. तेही चालत नसेल तर 'कैरो'. मग चिपला हातही न लावता प्रोसेसर सगळं रंगवतो.

करवंद

मॅकबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

ॲपलने २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून मेटल (ॲपलची ग्राफिक्स प्रणाली) चालणारं ग्राफिक्स सक्तीचं केलं, त्यामुळे २०१२ च्या आधीचे लॅपटॉप गेले. माँटेरेच्या चाचणी आवृत्त्या चालू असतानाच केप्लरचे ड्रायव्हर काढले गेले. व्हेंच्युरात हॅसवेल, ब्रॉडवेल, स्कायलेक या इंटेल ग्राफिक्सचा नंबर लागला. ओपनकोअर लेगसी पॅचर हा स्वयंसेवकांचा प्रकल्प ते काढलेले ड्रायव्हर नव्या सिस्टिमवर परत बसवतो. काम अफाट आहे आणि त्या मंडळींचे आभार मानावेत तेवढे थोडे.

पण तो वापरताना दोन गोष्टी समजून घ्या. ग्राफिक्सचे पॅच घालायला सिस्टिमचं सील (फाइली बदललेल्या नाहीत याची खात्री देणारं) तोडावं लागतं आणि काही सुरक्षा सैल करावी लागते. शिवाय प्रत्येक सिस्टिम अपडेटनंतर पॅच पुन्हा घालावे लागतात, तोवर सगळं रखडत चालतं. म्हणून त्या यंत्रांवर स्वयंचलित अपडेट बंद ठेवा आणि पॅचरची नवी आवृत्ती आल्याशिवाय मोठं अपडेट घेऊ नका. आर्थिक व्यवहारांसाठी असं यंत्र मी वापरत नाही. त्यापेक्षा त्याच मॅकवर लिनक्स टाकावं असं माझं मत.

तळटीप

सुरक्षेचा विषय निघालाच आहे तर एक कळीची गोष्ट. "जुना ड्रायव्हर धरून ठेवा" हा सल्ला सरसकट देऊ नका. वेबजीएलमुळे (ब्राउझरमध्ये ग्राफिक्स चिप वापरून चित्र काढायच्या सोयीमुळे) कुठलंही संकेतस्थळ तुमच्या ग्राफिक्स ड्रायव्हरपर्यंत काम पोचवू शकतं. म्हणून ड्रायव्हरमधलं भोक म्हणजे फक्त गेम खेळणाऱ्यांची काळजी नव्हे. २०२१ मध्ये इंटेलने चौथ्या पिढीच्या ग्राफिक्सचं डायरेक्टएक्स १२ चक्क बंद केलं, कारण त्यात सुरक्षेची त्रुटी होती. ज्यांना ते हवंच होतं त्यांना आधीच्या ड्रायव्हरवर परत जायची वाट होती, पण मग त्रुटीही परत. माझा कौल ते बंद करण्याच्या बाजूने आहे. मृत शाखेवर राहायचंच असेल तर ब्राउझर अद्ययावत ठेवा आणि गरज नसेल तिथे हार्डवेअर ॲक्सिलरेशन (ब्राउझरने ग्राफिक्स चिप वापरणं) बंद करा.

अनघड (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. @तळटीप, वेबजीएलचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, तो महत्त्वाचा आहे.

ॲक्सिलरेशन बंद केलं की व्हिडिओचा भार प्रोसेसरवर येतो, म्हणून त्याबद्दलही लिहून ठेवते. "ग्राफिक्स गेलं" अशी ज्यांची तक्रार असते त्यातल्या अनेकांचा खरा त्रास व्हिडिओ अडखळण्याचा असतो. एच.२६४ हा व्हिडिओचा साचा उलगडायची सोय इंटेलच्या सँडी ब्रिजसारख्या जुन्या पिढीतही आहे. नंतरच्या व्हीपी९ या साच्याची पूर्ण सोय त्यापुढच्या केबी लेक पिढीपासून, एव्ही१ ची टायगर लेकपासून. व्हिडिओची संकेतस्थळं मात्र व्हीपी९ आणि एव्ही१ पुढे करतात आणि जुन्या चिपला ते झेपत नाही. ब्राउझरला एच.२६४ च मागायला लावणारी एक्स्टेन्शन आहेत, ती बसवली की पंखा शांत होतो आणि बॅटरीही टिकते.

माझं मागणं सरळ आहे. ड्रायव्हर बदलणाऱ्या अपडेटने आधी यंत्रातली चिप कुठली ते बघावं. नव्या शाखेत ती नसेल तर थांबून विचारावं, आणि जुनी शाखा आपोआप लावून द्यावी. चिपची ओळख पटवणारा क्रमांक तर प्रत्येक सिस्टिमला हाताशी असतोच. अवघड असं यात काही नाही. बातमीपान वाचलं नाही म्हणून काळी स्क्रीन, ही शिक्षा वापरणाऱ्याला का?

चौकस

वाचनखूण साठवली. एक शंका. माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया पास्कल अशा दोन चिप आहेत. गेम खेळत नाही. लेखन, ब्राउझर आणि शिकवताना एचडीएमआयवरून प्रोजेक्टर. मी एनव्हिडियाचा ड्रायव्हर काढूनच टाकला तर चालेल का? सिस्टिम डेबियन आहे.

कर्नलकट्टा

@चौकस, ते लॅपटॉपमधल्या तारांवर अवलंबून आहे. दोन चिपच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये आतला स्क्रीन इंटेलला जोडलेला असतो, त्यामुळे एनव्हिडिया गेली तरी स्क्रीन जात नाही. एचडीएमआय मात्र काही मॉडेलांत इंटेलला, काहींत एनव्हिडियाला जोडलेलं असतं. 'सिस' फोल्डरमध्ये 'क्लास' आणि त्यात 'डीआरएम' उघडा. प्रत्येक जोडणीच्या नावाआधी कार्डाचा क्रमांक असतो. आतला स्क्रीन 'ईडीपी' नावाने दिसेल. एचडीएमआय त्याच क्रमांकाखाली असेल तर बंदिस्त ड्रायव्हर बिनधास्त काढा. विंडोजवर हेच एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधल्या फिजएक्सच्या पानावर चित्रात दिसतं.

चौकस

बघितलं. ईडीपी एका कार्डावर आहे, एचडीएमआय दुसऱ्या.

कर्नलकट्टा

म्हणजे प्रोजेक्टर एनव्हिडियावर आहे. तरीही तुमचं काम अडत नाही. बंदिस्त ड्रायव्हर काढा, नूव्होवरची बंदी उठवा, डेबियनचं एनव्हिडियासाठीचं नॉन-फ्री फर्मवेअर पॅकेज बसवा आणि रीस्टार्ट करा. नूव्होवर पास्कल मंद चालते, पण स्लाइड आणि साधा व्हिडिओ प्रोजेक्टरवर दाखवायला तेवढा वेग पुरतो. प्रोजेक्टर काढल्यावर नूव्हो ती चिप झोपवतो, त्यामुळे बॅटरीचीही चिंता नाही. वर्गात जाण्याआधी एकदा घरी मॉनिटर जोडून बघा, आणि ग्रबमध्ये जुनं कर्नल आहे याची खात्री करून मगच हात घाला. अडलं तर कर्नलच्या लॉगमधल्या नूव्होच्या ओळी इथे टाका.